चिंध्यांचा दोर

१

आंपारो वस्ती वसली तेव्हा ती बुद्धिबळाच्या पटासारखी होती. एल आल्तो शहराचं शेपूट तेव्हा नुकतंच तिथवर पोचलं होतं. त्यापुढं पिवळं गवत, वारा आणि वायना पोतोसी डोंगराचं पांढरं डोकं. प्लॉट पाडणाऱ्यांनी फक्कीच्या उभ्या-आडव्या रेघा मारल्या, रेघ रेघेला भेटली तिथं चौक झाला. चौक तरी किती! इलारिओन तार्की म्हणायचा, "आमच्याकडं नवरा-बायको भांडून दोन दिशांना निघाली तरी पुढच्या चौकात पुन्हा समोरासमोर येतात. म्हणून तर संसार टिकलेत."

त्याचा स्वतःचा संसार मिनीबसमध्ये होता. तो गाडी हाकायचा आणि त्याची बायको लेओकादिया सरकत्या दाराशी उभी राहून गिऱ्हाईक ओढायची. कमरेला घागऱ्यासारखा घेरदार पोयेरा, डोक्यावर तिरकी टोपी, आणि गळा असा, की तिनं आंपारोत "सेखा! सेखा! चला सेखाऽऽ!" अशी हाळी दिली की तिकडं सेखाच्या बाजारातल्या बाया टोपल्या सरकवून गाडीला जागा करायच्या. खोटं वाटत असेल तर आधी वारा कुठल्या दिशेचा होता ते विचारा. तिचा धाकटा भाऊ निकानोर तिला 'भोंगा' म्हणायचा, आणि तसं म्हणायची मुभा जगात त्या एकट्यालाच होती. इलारिओननं एकदा म्हणून पाहिलं होतं. त्या दिवशी त्याच्या ताटात नुसता चुन्यो, उकडलेला सुका बटाटा, आला, मीठही नाही.

गाडीला ठरलेले थांबे नव्हते. उतरणारा मागून ओरडायचा, "कोपऱ्यावर उतरीन!" की इलारिओन पुढच्या चौकाच्या कोपऱ्याला ब्रेक दाबायचा. दिवसभर त्याच्या पाठीला तेवढंच ऐकू यायचं: कोपऱ्यावर, कोपऱ्यावर. एक रस्ता खणून ठेवलेला असला की तो दुसऱ्यानं जायचा, दुसऱ्यावर वरात नाचत असली की तिसऱ्यानं. वाटेची ददात आंपारोत कुणाला नव्हती.

मग चोर आले.

२

आधी गॅसचे सिलिंडर गेले, मग कुणाचं शिवणयंत्र, मग टीव्ही. पोलीस येईपर्यंत त्या टीव्हीवर चोराच्या बायकोनं अख्खी मालिका बघून संपवली असेल. तेव्हा वस्तीच्या समितीनं सभा बोलावली. समितीचा अध्यक्ष फेर्मिन चोके धंद्यानं गवंडी, त्यामुळं जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याला भिंत हाच इलाज सुचायचा.

"चोर पळतो का? कारण त्याला चार वाटा आहेत," फेर्मिन म्हणाला. "एकच ठेवा. आत येईल बापडा. जाईल कुठं?"

सगळ्यांनी हात वर केले. इलारिओननंही केला. गल्ल्यांच्या तोंडांना विटामातीच्या भिंती उभ्या राहिल्या. घरोघरी एकेक शिट्टी आली. आणि विजेच्या खांबांवर बाहुले चढले: पेंढा भरलेले, माणसाएवढे, गळ्यात फास आणि छातीवर पाटी, 'चोर सापडला तर पोलीस नाही. इथंच.' बाहुल्याला कपडे द्यायची पाळी घराघरावर फिरायची. एक बाहुला तर फेर्मिनपेक्षाही झकपक होता; सभेत लोक त्यालाच अध्यक्ष करावं म्हणायचे.

फुटबॉलच्या मैदानाजवळच्या खांबाची पाळी इलारिओनवर आली. त्यानं ट्रंकेतून निकानोरचं जुनं जाकीट काढलं. मरून रंगाचं, उजव्या बाहीला कोपरापाशी लेओकादियानं लावलेलं हिरवं ठिगळ. निकानोर साओ पावलोला शिवणकारखान्यात जाऊन कैक वर्षं झाली होती.

बाहुला चढल्यावर लेओकादियानं ते पाहिलं, आणि मग अख्ख्या गल्लीनं तिला ऐकलं. "अरे म्हाताऱ्या, जित्या माणसाचे कपडे फासावर? मेलेल्याचे जाळायचे, जित्याचे जपायचे, एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

"तो तिकडं रोज ढिगानं जाकिटं शिवतोय. त्याला याचं काय?"

"त्याला पाठीवर बांधून वाढवलंय मी. आई गेली तेव्हा त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. काढून आण."

"उद्या आणतो."

३

उद्या दुपारी शिट्ट्या वाजल्या.

एका भिंतीशी वाजल्या, मग दुसऱ्या, मग चहूकडून. खाकी टोपीतला एक अनोळखी माणूस आत आला होता आणि पळत होता. पळतो म्हणजे चोर. समोर भिंत आली की कुणीही वळून पळेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. इलारिओनच्याही नाही, आणि त्याच्या हातात जॅकचा दांडा होता.

मैदानात गोलच्या खांबाला त्याला तारेनं आवळलं. पहिलाच दगड दातांवर बसला. त्यानंतर तो काहीतरी सांगत राहिला, पण तोंडात दात नसले की नाव आणि किंकाळी सारखीच ऐकू येते. कुणीतरी कात्रीनं त्याचे केस कापले, कातडीसकट. इलारिओननं दांडा उचलला होता. तो त्यानं खाली आणला की नाही, ते पुढं त्याला नीट आठवेना. दांडा धुतलेला मात्र आठवायचा. मग पेट्रोलचा वास आला आणि सगळे एकदम मागं सरले.

नंतर सरकारी माणसं चौकशीला आली. "कुणी पेटवलं?"

"पुढच्यांनी," पाववाली कासिमिरा म्हणाली.

"तू कुठं होतीस?"

"मी दुसऱ्या रांगेत."

फेर्मिन दुसऱ्या रांगेत. इलारिओन दुसऱ्या रांगेत. अख्खं आंपारो दुसऱ्या रांगेत उभं होतं. पहिल्या रांगेतलं कुणी सापडलंच नाही. इलारिओनला एक पाठ तेवढी आठवत होती. धुरात, हातात डबा घेतलेली.

जाकीट आणायला तो गेला नाही. मैदानाकडं पाय वळायचेच नाहीत. गाडीतून जाताना एकदा नजर गेली तेव्हा बाहुल्याच्या दोन्ही बाह्यांच्या कडा करपलेल्या दिसल्या. खांब आगीपासून चांगलाच लांब होता. ठिणगी उडाली असेल, इलारिओननं स्वतःला समजावलं. ऑगस्टाचा वारा. ऑगस्टात ठिणगी कुठंही जाते.

४

वर्षभर चोर फिरकला नाही. मग एका सकाळी कासिमिराच्या बेकरीच्या चौकात इलारिओननं ब्रेक दाबला, आणि मागच्या बायकांची भाजी पुढं आली.

समोर भिंत होती. काल इथून तो सहज गेला होता.

"कासिमिरा मावशी, ही कधी घातली?"

"मला विचारतोस?" कासिमिरा पिठाचे हात कमरेवर ठेवून बाहेर आली. "तुमच्या गल्लीवाल्यांनीच घातली. भट्टी पेटवायला उठले तर उभी. आता पाव विकायला सगळा वळसा मारायचा, तुमच्या कृपेनं."

"आम्ही? आम्हाला वाटलं तुम्ही."

"मी पीठ मळू का चिखल?"

लेओकादिया दारातून म्हणाली, "चिखलच असतो गं त्यात, पाव खाल्ला की कळतं," आणि गाडीत हशा पिकला. इलारिओननं गाडी मागं घेतली. फेर्मिननं बांधली असेल. दुसरं कोण बांधणार?

फेर्मिनला भिंत आवडली. "कुणी का बांधेना, काम झक्क आहे," तो म्हणाला. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, आणि हात मधेच थांबला. नखानं त्यानं थोडी माती उकरली. "यात गवत नाही घातलेलं."

"म्हणजे?"

"माती धरून ठेवायला गवत लागतं, नाहीतर पहिल्या पावसात बसते." त्यानं चिमटीत काहीतरी धरून ओढलं. ते येत राहिलं. काळं, लांब, मऊ. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"गाढवाच्या शेपटीचं असेल," फेर्मिन म्हणाला.

"असेल," इलारिओन म्हणाला. आंपारोत गाढव नव्हतं.

५

नंतर भिंती उगवतच गेल्या. आधी चौकांचे तिठे झाले, मग तिठ्यांचे नुसते बोळ. उत्तरेकडचे म्हणत दक्षिणेच्यांनी बांधली, दक्षिणेचे म्हणत उत्तरेच्यांनी, आणि दोघांनाही मनातून बरंच वाटे, की फुकटात राखण झाली. पलीकडं शहर तर पसरतच होतं. गवतावर नव्या वस्त्या, नव्या रेघा. पण आंपारोतून त्यांच्याकडं जायची एकही वाट उरली नव्हती. शेजारच्या घरातल्या लग्नाला जायचं तर लोक शिदोरी बांधून निघत, असं इलारिओन सेखात सांगायचा. लोक हसायचे. तो कमी हसायचा.

गाडीतही फरक पडला. "कोपऱ्यावर उतरीन" असं म्हणणारे कमी झाले. माणसं गप्प बसून राहायची, थेट शेवटापर्यंत. आणि शेवट दर वेळी एकच असायचा: कुठल्याही गल्लीनं जा, रस्ता तुम्हाला अलगद मैदानाच्या तोंडाशी आणून सोडायचा.

एका दुपारी गाडीच्या टपावर कुणाचं तरी कपाट बांधायला तो चढला. वारा पडला होता. त्यानं सहज मान वर केली आणि दोराची गाठ हातातच राहिली.

वरून भिंती दिसत होत्या. दोन लांब हात दिसत होते, वस्तीच्या दोन टोकांपासून निघालेले, जवळ जवळ येत गेलेले, मैदानाशी जेमतेम गाडीभर फट ठेवून थांबलेले. गल्ल्या त्यांच्या आत, ओघळासारख्या, सगळ्या त्या फटीकडं वाहणाऱ्या.

हे त्यानं पाहिलेलं होतं. लहानपणी, बापाच्या गावी, पार वरच्या माळावर. तिथं विकुन्या असतात. हरणाएवढ्या, भित्र्या, अंगावर रेशमाला लाजवेल अशी लोकर. वर्षातून एकदा त्यांचा हाका करतात. दगडाच्या दोन लांब भिंती, तोंडाशी रुंद आणि शेवटी चिंचोळ्या; मागून सारं गाव, हातात लांबच लांब दोर, दोराला रंगीत चिंध्या. कुणी पळायचं नाही, कुणी मारायचं नाही. नुसतं चालायचं. तो दोर विकुन्येच्या छातीलाही येत नाही. एक उडी मारली तर ती मोकळी. पण फडफडणारी चिंधी दिसली की ती उडी विसरते. शेवटी कोंडवाडा, आणि कोंडवाड्यात कात्री.

त्यानं ते फेर्मिनला सांगितलं.

"मग चांगलंच आहे की," फेर्मिन म्हणाला. "विकुन्या म्हणजे चोर."

"ताता फेर्मिन, हाका करणारे आपण. कातरणारा कोण?"

"तू जास्त उन्हात बसतोस," फेर्मिन म्हणाला. पण त्यानं हसताना मैदानाकडं पाठ केली होती.

घरी इलारिओननं जास्त बोलणं टाळलं, कारण लेओकादिया आनंदात होती. निकानोर येत होता. कायमचा. शुक्रवारी संध्याकाळी बसअड्ड्यावर उतरणार होता. त्याच्यासाठी तिनं कोंबडा बाजूला काढला होता आणि रोज त्या कोंबड्याला पाहुण्याची बातमी सांगायची.

"म्हाताऱ्या, बसअड्ड्यावर आपणच जायचं आणायला. त्याला एकट्याला आत येऊ द्यायचं नाही. तो वस्तीला परका झालाय आता."

"आपणच जाऊ," इलारिओन म्हणाला. बायकोचं एवढं पटकन त्यानं कधीच ऐकलं नव्हतं.

६

शुक्रवारी भर दुपारी, गाडी मैदानाअलीकडं, फेरी संपते तिथं उभी असताना, फोन वाजला.

"दाजी! भोंगा कुठंय? तिला सांगू नका. ट्रक मिळाला, लवकर आलो. म्हटलं चकित करू."

इलारिओननं गाडीची किल्ली फिरवली. "कुठंयस?"

"पाण्याच्या टाकीपाशी. स्वतः शिवलेला निळा कोट घातलाय, ताई ओळखणारच नाही बघा."

"निकानोर, ऐक. तिथंच बस. हलू नकोस. मी आलो."

"अहो, पोर आहे का मी? वाट पाठ आहे मला. टाकीवरून सरळ, कासिमिराच्या बेकरीला उजवीकडं..." वाऱ्याचा आवाज, पावलांचा आवाज. "हे काय हो? इथं भिंत आहे. थांबा, मागं वळतो."

"वळू नकोस! उभा राहा जागच्या जागी!"

"दाजी," निकानोर म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान मुलाचा झाला, "आत्ता इथून आलो मी. मागंही भिंत आहे."

मग एक शिट्टी वाजली. आधी फोनमध्ये, श्वासभरानंतर वाऱ्यावर. मग दुसरी. मग मोजता येईनात.

लेओकादियानं नवऱ्याचा चेहरा पाहिला. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं दाराची कड गच्च धरली आणि सगळा जीव गळ्यात आणून हाक मारली, "निकानोऽऽर!" सेखापर्यंत जाणारी ती हाक शिट्ट्यांनी पुढच्या घराशीच खाऊन टाकली.

"इंजिन चालू आहे," इलारिओन म्हणाला. "तू दार उघडं धर. मी त्याला आणतो." आणि जॅकचा दांडा घेऊन तो पळाला.

७

तो पळत होता, पण बाकी कुणीच पळत नव्हतं.

गेल्या खेपेला आरडाओरडा होता, शिव्या होत्या. आज माणसं गल्ल्यागल्ल्यांतून निघून हळूहळू चालत होती, खांद्याला खांदा लावून, तोंडं मैदानाकडं. आणि सगळ्यांच्या हातात एकच दोर होता. जाड, काळा, लांबच लांब. त्याला चिंध्या बांधलेल्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या: पोयेऱ्याचा काठ, शर्टाची बाही, खाकी टोपीचा तुकडा. यातल्या निम्म्या लोकांनी जन्मात माळ पाहिला नव्हता, विकुन्या तर चित्रातसुद्धा नाही. पण पावलं बरोबर पडत होती.

"कासिमिरा मावशी!" इलारिओननं तिला पाठीमागून गाठलं. "माझा मेहुणा आहे तो! निकानोर! तुझा पाव चोरून खायचा तो!"

कासिमिराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पिठावर त्याच्या रेघा पडल्या होत्या. "पुढच्यांना सांग," ती म्हणाली. "मी मागं आहे."

तो पुढं घुसला. "माझा मेहुणा आहे! चोर नाही!"

"पुढच्यांना सांग."

त्याच्या डोक्यावरून दगड जात होते. कुणी मारले ते दिसत नव्हतं. मागून यायचे आणि पुढं कुठंतरी मऊ आवाज करून पडायचे. प्रत्येक आवाजासरशी एक हुंदका आणि मग धावणाऱ्या बुटांचा सपसप आवाज. निकानोर पुढंच कुठंतरी होता, भिंतीवर आपटत, वळत, पुन्हा पळत. भिंतीवर एका ठिकाणी इलारिओनला तळहात उमटलेला दिसला. लाल, ओला, बोटं वरच्या कडेपर्यंत घासत गेलेली. कड हाताच्या अंतरावर होती. एक उडी मारली असती तर.

फेर्मिन दिसला. दोर त्याच्याही मुठीत.

"ताता फेर्मिन, सोड तो दोर!"

"मी कुठं धरलाय?" फेर्मिन म्हणाला. त्याची बोटं पांढरी पडली होती. "धक्का लागू नये म्हणून नुसता हात ठेवलाय. पुढच्यांना सांग ना, इलारिओन. तुझ्या पाया पडतो, पुढच्यांना सांग."

इलारिओननं दांडा आडवा धरला आणि कोपरानं वाट काढत, बरगड्यांवर, खांद्यांवर दांडा हाणत तो पुढं घुसला. कुणाचं तरी नाक त्याच्या दांड्याखाली फुटलं. त्या माणसानं ओरडायचेही कष्ट घेतले नाहीत. दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, आणि अचानक दोर त्याच्या छातीला टेकला.

पुढं कुणीच नव्हतं. पहिली रांग म्हणजे तोच होता.

८

मैदानात धुळीचा लोट फिरत होता. लोक फटीशी थांबले होते. एकानंही पाऊल आत टाकलं नाही. शिट्ट्या बंद झाल्या, आणि त्या शांततेत इलारिओनला एकच आवाज आला: कात्रीचा. सावकाश. कच्च. थांबून, कच्च.

धूळ हलली आणि त्याला दोघं दिसले.

एक जण गोलच्या खांबाशी गुडघ्यांवर होता. हात मागं तारेनं बांधलेले. चेहरा असा राहिलाच नव्हता. दगडांनी डोळा गालावर आणला होता, डोकं ठिकठिकाणी कातरलेलं, हाड दिसेपर्यंत. अंगावर रक्तानं काळी पडलेली कसलीतरी निळसर लक्तरं. त्यानं इलारिओनकडं मान वळवली. तोंड उघडलं. त्यातून दात आणि फेस बाहेर आला.

दुसरा त्याच्या पलीकडं उभा होता, पाठमोरा, स्वच्छ, कुणीच हात न लावलेला. मरून जाकीट. उजव्या कोपराला हिरवं ठिगळ.

इलारिओनला एकदम हायसं वाटलं. देवा, धरलाय तो दुसराच कुणीतरी. खरा चोर असेल. आपला पोरगा तो उभाय, धडधाकट. त्या ठिगळाचा एकेक टाका त्याच्या ओळखीचा होता.

तो दोराखालून वाकून आत गेला. किती सोपं होतं ते! गुडघ्यांवरच्या माणसाच्या इतक्या जवळून तो गेला, की त्या माणसानं कपाळ त्याच्या मांडीला टेकवलं. इलारिओननं त्याला बाजूला ढकललं. ढकलावंच लागलं, वेळ नव्हता. मग त्यानं मरून बाहीतला हात धरला.

"चल. मागं बघू नकोस. चल!"

हात हलका होता. भुकेला असेल पोर. परदेशात कोण खाऊ घालतं? तो ओढेल तसा मागून येत राहिला, पावलांचा आवाजही न करता. दोरापाशी सगळ्यांनी वाट दिली. कुणी हाताला धरलं नाही, शिवी दिली नाही. कासिमिरानं तर डोळे मिटून घेतले. भिंतींमधून येताना जेवढं झगडावं लागलं होतं, तेवढाच परतीचा रस्ता सरळ निघाला.

मैदानात कात्री थांबली होती. कातरणाराच निघून गेला असावा तशी.

९

लेओकादिया दारात उभी होती. तिनं दोन्ही हात पसरले. ते पसरलेलेच राहिले.

तो तिच्या शेजारून आत चढला, अगदी मागच्या बाकावर जाऊन बसला आणि तोंड खिडकीकडं केलं. करपलेल्या बाहीतून चिमूटभर पेंढा पायरीवर पडला.

"मिळाला," इलारिओन धापा टाकत म्हणाला. "बघ, ओरखडासुद्धा नाही. दार लाव."

लेओकादियानं दार लावलं नाही. ती हळू आवाजात बोलली. उभ्या आयुष्यात ती एवढ्या हळू कधी बोलली नव्हती.

"हे जाकीट कुठलं?"

इलारिओननं तोंड उघडलं. तेव्हा कुठं त्याला ट्रंक आठवली, खांब आठवला, 'उद्या आणतो' आठवलं. मांडीवर काहीतरी ओलं होतं. त्यानं खाली पाहिलं. विजारीवर कपाळाएवढा लाल डाग होता, आणि त्याला चिकटलेला निळ्या कापडाचा धागा.

मैदानाकडून हाक आली. दात नसलेल्या तोंडाची, फाटकी. पण तो शब्द कळायला दातांची गरज नव्हती.

"भोंगाऽऽ!"

लेओकादिया गाडीतून उडी टाकून धावली. पोयेरा दोन्ही हातांनी उचलून, टोपी उडाली तरी न थांबता, आत्ता इलारिओन ज्या रस्त्यानं आला त्याच रस्त्यानं. आणि तिथं भिंत होती. ओली, ताजी, तिच्या डोक्याच्या वर हातभर. ती तिच्यावर छातीनं आदळली. इलारिओन दांडा घेऊन पोचला आणि त्यानं सगळ्या ताकदीनं घाव घातला, पुन्हा घातला, पण माती फुटेना. आतल्या केसांत दांडा अडकून बसे आणि उपसताना केसांचे पुंजकेच्या पुंजके बाहेर येत. काळे. आणि मुळांशी ओले.

पलीकडून पेट्रोलचा वास आला.

मग लेओकादिया ओरडली. त्या ओरडण्यानं म्हणे वायना पोतोसीचं बर्फ हललं, सेखात बायांनी टोपल्या टाकल्या. आणि या गोष्टीतलं एवढं एक तरी मी वाढवून सांगतोय असं समजू नका. भिंतीच्या वर काळा धूर आला, वाऱ्यानं वाकला, आणि दोघांच्या अंगावरून निघून गेला. पलीकडून पुन्हा हाक आली नाही.

गल्लीत माणसं परतत होती. घरांची दारं लागत होती. दोर कुणाच्याच हातात नव्हता.

मागं इंजिन चालूच होतं. गाडीच्या अगदी मागच्या बाकावरून, धुरानं घोगरा झालेला एक आवाज आला. शांत, दमलेल्या उतारूचा असतो तसा.

"कोपऱ्यावर उतरीन."

इलारिओननं सवयीनं रस्त्याकडं पाहिलं. रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना भिंत होती. आणि त्यांच्या घराच्या दारापर्यंत कोपरा कुठंच नव्हता.